जिनातले कॉलेज

निघण्याच्या दिवशी आईने माझ्या पिशवीत सुतळीची तीन बंडले घातली. वऱ्हाडात सुतळी मिळेल की नाही याची तिला खात्री नव्हती. मी म्हणालो, तो कापसाचा मुलूख आहे, गाठी बांधण्याचाच तिथे धंदा चालतो. ती म्हणाली, "असू दे. त्याची पुस्तकं आपल्या दोरीने बांध."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात कॉलेज निघाले, तेव्हा तो तिथे इतिहास शिकवायला गेला आणि तिथलाच झाला. लग्न केले नाही. दिवाळीच्या तोंडावर तापाचे निमित्त होऊन तो तिथेच गेला. तार आमच्या हाती पडली तोवर गावकऱ्यांनी सगळे उरकले होते. दिवसपाणी आम्ही पुण्याला केले. मागे उरली ती त्याची पुस्तके. पगारातून खाऊनपिऊन जे राही त्याची तो पुस्तके घेत असणार हे आम्हाला ठाऊक होते, कारण घरी येताना तो कधी काही आणत नसे. मुलगा तर परत आला नाही, निदान त्याची पुस्तके तरी घरी यावीत, एवढेच आईचे म्हणणे होते. मी एका जुन्या वाचनालयात पुस्तकांची वर्गवारी करण्याचे काम करतो. तेव्हा या कामाला घरातून दुसरे कोणी जाण्याचा प्रश्न नव्हता.

गावाचे नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. जळगाव जामोदच्या वाटेवर ते आहे, एवढे पुरे.

नांदुऱ्याला गाडीतून उतरलो तेव्हा नुकते उजाडत होते. थंडी अशी की फलाटावरचा चहा घशाखाली उतरेपर्यंत कोमट झाला. स्टेशनाबाहेर एस.टी. उभी होती. तिच्या टपावर कापसाची पोती, पोत्यांवर एक खाट आणि खाटेवर माझी वळकटी अशी व्यवस्था झाली, आणि मी आत जाऊन बसलो.

माझ्या शेजारी टोपीवाले, भरघोस मिशांचे एक गृहस्थ आले. पुण्यात शेजारच्या माणसाला गाव विचारायला निदान दोन स्टेशने मागे पडावी लागतात. यांनी बस सुटायच्या आत माझे गाव, नोकरी, मुले किती आणि त्यांतली शिकतात किती, हे सारे विचारून घेतले. मग म्हणाले, "कोठी जाऊन राह्यले?"

मी म्हणालो, "कॉलेजात."

ते विचारात पडले. कपाळाला आठ्या आल्या, त्या हळूहळू गेल्या. "हां, जिनात. असं सांगा ना बाप्पा."

जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. मी गोंधळून सांगितले की माझा भाऊ कॉलेजात इतिहास शिकवत होता. हे ऐकून गृहस्थ उठले, त्यांनी मला खिडकीकडे सरकवले आणि स्वतः मधल्या बाजूला बसले. दुखवट्याचा आणि खिडकीचा काय संबंध ते मला आजही कळलेले नाही, पण त्यांच्या मनाला तेवढे केल्याशिवाय बरे वाटले नसते हे दिसत होते. मग त्यांनी मागे वळून साऱ्या बसला सांगितले, "इतिहासवाल्या मास्तरचे भाऊ आहेत हे." बसमध्ये कुजबूज झाली. मागच्या बाकावरून एका बाईने तुरीच्या शेंगांची जुडी माझ्या मांडीवर ठेवली आणि परत जाऊन बसली.

पूर्णेचा पूल ओलांडला तशी जमीन काळीभोर होत गेली. दोन्ही हातांना कपाशीची बोंडे उमललेली, मधूनच तुरीचे पट्टे, आणि समोर दूरवर सातपुड्याची निळी रेघ. त्या रेघेच्या अलीकडे मला एक उंच धुराडे दिसले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "तेच तुमचं कॉलेज."

कंडक्टरने बस थांब्यावर थांबवलीच नाही. ती तशीच पुढे नेऊन कॉलेजच्या फाटकाशी उभी केली. थांब्यावर उतरायची माणसेही माझ्याबरोबर तिथेच उतरली आणि कुरकुर न करता पोती डोक्यावर घेऊन उलटी गावाकडे चालू लागली.

हे कॉलेज जिनात का, हे आता सांगितले पाहिजे. इंग्रजांच्या अमदानीत एका गोऱ्या कंपनीने इथे जिन बांधले. तिच्याकडून ते मुंबईच्या एका शेठकडे गेले, शेठच्या मुलांत भांडणे लागली, आणि भांडणे मिटेपर्यंत यंत्रे गंजली. पुढे महाराष्ट्र राज्य झाले, जो तो शाळा-कॉलेजांची भाषा बोलू लागला, तेव्हा गावच्या लोकांनी वर्गणी काढून बंद पडलेले जिन घेतले आणि फाटकावरची पाटी बदलली. पाटीखेरीज फारसे काही बदलण्याची ऐपत नव्हती. रेचे (सरकी काढण्याची यंत्रे) जिथे होते त्या लांबलचक दालनात व्याख्याने होऊ लागली. गाठी दाबायच्या खोलीत रसायनशास्त्र गेले. गोऱ्या मॅनेजरच्या बंगल्यात प्राचार्य राहू लागले, आणि कापसाच्या वखारीत ग्रंथालय आले. गावाने नवे नाव कधी उचललेच नाही. मुलगा बी.ए.ला बसला की बाप सांगे, "पोरगा जिनात आहे."

फाटकाच्या आत गाड्या तोलण्याचा मोठा वजनकाटा अजून जमिनीत होता. तिथे खाकी सदरा घातलेला, नाकावर चष्मा उतरलेला एक माणूस उभा होता. हा नारायण, कॉलेजचा शिपाई. जिन चालू असताना हा काट्यावर होता, आणि काट्याची सवय त्याची सुटली नव्हती. फाटकातून प्रथमच येणाऱ्याला तो वजन केल्याशिवाय आत सोडत नसे. नवे विद्यार्थी, नवे प्राध्यापक, एकदा म्हणे शिक्षण खात्याचे अधिकारी, सगळे त्या काट्यावरून गेले होते.

मी कोण ते सांगितले. त्याने चष्मा वर केला, माझ्याकडे नीट पाहिले, आणि म्हणाला, "या. उभे राहा."

मी पिशवीसकट उभा राहिलो. त्याने पिशवी बाजूला ठेवायला लावली. काटा स्थिर झाल्यावर मान हलवून म्हणाला, "मास्तरपेक्षा बरेच हलके आहा तुम्ही." एवढे बोलून त्याने पिशवी उचलली आणि माझ्यापुढे चालू लागला. त्याचे डोळे ओले होते.

प्राचार्य बोचरे बंगल्याच्या ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. उंच, सडपातळ, मफलर दोनदा गुंडाळलेले. माझे दोन्ही हात हातात घेऊन ते दादाविषयी बोलू लागले, आणि बोलता बोलता घड्याळाकडे पाहू लागले. शेवटी त्यांना राहवेना. परवा विद्यापीठाची समिती येत होती. मागच्या खेपेला समितीने ग्रंथालय पाहून नाक मुरडले होते आणि एका वर्षाची मुदत दिली होती. या वेळी ग्रंथालय पसंत पडले नाही तर कॉलेजची मान्यता जाणार. मान्यता गेली की मुले अकोल्याला किंवा अमरावतीला जाणार, म्हणजे ज्यांच्या घरी झेपेल ती जाणार. मुली तर कुठेच जाणार नाहीत.

मग ते खाली बघत म्हणाले, "तुमच्या बंधूंची पुस्तकं बाजूला काढून ठेवायला सांगितलंय मी. तुमचीच आहेत ती. आजच न्या म्हणालात तर आज बंडी (बैलगाडी) जुंपतो."

मी विचारले, दादाची पुस्तके गेल्यावर ग्रंथालयात काय उरते? ते म्हणाले, एक कपाट. आणि त्याला कुलूप आहे, कारण उघडले तर ते अर्धे रिकामे आहे हे दिसते.

मी म्हणालो, परवा समिती जाईपर्यंत मी थांबतो. पुस्तके त्यानंतर नेईन. त्यांनी पुन्हा माझे दोन्ही हात हातात घेतले. दोन दिवसांनी पुस्तके नेली काय आणि आज नेली काय, आईला कळवायचेही कारण नव्हते. तेव्हा तरी मला तसे वाटले.

दादाची खोली वखारीच्या एका अंगाला होती. खाट, कंदील, दोन धोतरे, आणि दाराच्या पलीकडे उघड्या फळ्यांवर त्याची पुस्तके. इतिहास, प्रवास, चरित्रे, नकाशांचे जाडजूड ग्रंथ. त्याने त्यांवर नाव घातले नव्हते, की शिक्का मारला नव्हता. वापरून पानांच्या कडा काळवंडल्या होत्या. इतकी बोटे एकट्या दादाची असणे शक्य नव्हते.

दुपारी मी त्या लांबलचक दालनात जाऊन उभा राहिलो. तुळयांवर अजून कापूस अडकून होता. वर्षानुवर्षे उडालेली ती रुई कोणी झाडली नव्हती, कारण तेवढी उंच शिडी गावात नव्हती. नारायण सांगत होता, कोणी मोठ्याने बोलले की ती खाली पडते. म्हणून इतर प्राध्यापक हळू शिकवत. दादाला ते जमत नसे. लढाई आली की त्याचा आवाज चढे, आणि तास संपून पोरे बाहेर पडत तेव्हा पहिल्या दोन बाकांवरच्यांचे केस पांढरे झालेले असत. गावातल्या बाया दारात बसून सांगत, आज मास्तरनं मोठी लढाई शिकवली.

मी हे ऐकून घेतले, पण मला ते खरे वाटेना. पुण्याला दादा दिवाळीला येई तेव्हा चार दिवसांत चाळीस वाक्येही बोलत नसे. आई त्याच्या पानात वाढत राही आणि तो मान हलवत राही. हा ओरडणारा दादा माझ्या ओळखीचा नव्हता. मी दालनाच्या मधोमध उभा राहून, आसपास कोणी नाही असे पाहून, जरा मोठ्याने खाकरलो. वरून काहीही पडले नाही.

जेवायला मला गोदाबुढीने बोलावले. बुढी म्हणजे म्हातारी. इकडे त्यात अनादर नाही. घर कॉलेजच्या कुंपणाला लागून. दादा कधीमधी तिच्याकडे जेवत असे. तिची नात सुमन कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. गोदाबुढीने ज्वारीची भाकरी, हिरव्या पातीचा कांदा घातलेले वांग्याचे भरीत आणि मिरचीचा ठेचा वाढला, आणि मी पहिला घास घेताच म्हणाली, "मास्तर पण असाच खाये. पाखरावानी."

मी विचारले, समितीने कॉलेज बंद केले तर सुमनचे काय? बुढीने तव्यावरची भाकरी उलटली. "दोन सोयरे तिले मांगाले दारात बसून आहेत. मी सांगून ठेवलं त्याईले, पोरगी जिनात आहे, जिन बंद होईल तवा या." सुमन चुलीमागून म्हणाली, "आजी, कॉलेज म्हण." बुढी म्हणाली, "तू शीक. मले नोको शिकवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांनी गावात दवंडी दिली. ज्याच्या घरी जे पुस्तक असेल ते एका दिवसासाठी कॉलेजला द्यावे. सायंकाळपर्यंत नारायणने बंडी भरून आणली आणि वर्गवारीचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

आयुष्यभर मी पुस्तके लावत आलो, पण अशी पुस्तके माझ्या हाती कधी पडली नव्हती. निम्म्या पोथ्या होत्या. पंचांगांचा तर ढीग होता. त्यांना मी खगोलशास्त्रात घातले. रेल्वेचे वेळापत्रक भूगोलात गेले. एका घराने आजवर आलेल्या लग्नपत्रिका एकत्र शिवून पाठवल्या होत्या. त्या मी बराच वेळ हातात धरून बसलो आणि शेवटी समाजशास्त्रात ठेवल्या. कुस्तीच्या डावांचे एक फाटके पुस्तक, बियाण्यांच्या कंपनीची रंगीत माहितीपत्रके, गुरांच्या रोगांवरचा ग्रंथ, गावातल्या निवृत्त मुन्शीजींची उर्दू दिवाने (कवितासंग्रह). फळ्या पुरेनात तेव्हा नारायणने ताबडतोब विटांवर पाट टाकले, आणि ते हलू नयेत म्हणून आईच्या सुतळीने आवळले. तिन्ही बंडले त्यात गेली. दादाची पुस्तके मधोमध राहिली. त्यांना हात लावावा लागला नाही. ती आधीच नीट लागलेली होती.

मला वाटले, काम झाले. पण या गावची एक रीत मला ठाऊक नव्हती. इकडे पेरणीच्या दिवसांत एकाची बैलजोडी दुसऱ्याकडे जाते. पण जोडी कधी एकटी जात नाही. तिच्यासोबत घरचा माणूस जातो. परका माणूस बैलाला मारील, जास्त हाकील, पाणी विसरेल. घरचा माणूस बांधावर बसून पाहत राहतो. यात कोणी राग मानत नाही. दिलेली वस्तू आणि तिचा सोबती एकत्रच जायचे.

समितीच्या दिवशी सकाळी आठ वाजल्यापासून पुस्तकांचे सोबती येऊ लागले.

आधी मुन्शीजी आले, अत्तर लावून. मग कुस्तीच्या पुस्तकाबरोबर एक धिप्पाड माणूस आला आणि त्या पुस्तकाशेजारी मांडी घालून बसला. लग्नपत्रिकांबरोबर अख्खे कुटुंब आले. बसमधले मिशीवाले गृहस्थ गुरांच्या रोगांच्या ग्रंथापाशी बसले आणि त्यांनी मला ओळखीची मान हलवली. गोदाबुढी सोवळ्याने आली, आपली पोथी फळीवरून काढून पाटावर ठेवली, उदबत्ती लावली आणि सावकाश, सुरात वाचू लागली. पोथी परक्या घरी मुकी ठेवायची नसते असे तिचे म्हणणे. तासाभरात वखारीत पाय ठेवायला जागा राहिली नाही.

प्राचार्य दारात आले आणि त्यांनी चौकटीला हात लावून स्वतःला सावरले. "यांना बाहेर काढा," ते नारायणला म्हणाले.

नारायण म्हणाला, "मंग पुस्तकं पण जाईन साहेब."

तेवढ्यात फाटकाशी मोटार वाजली. प्राचार्यांनी मला टेबलामागच्या एकुलत्या खुर्चीत बसवले, "तुम्ही फक्त बसा, काही बोलू नका," असे सांगितले, आणि ते धावले. मोटार थांबली, पण समिती लगेच आली नाही. नारायण त्यांचे वजन करत होता.

समितीत तिघे होते. अध्यक्ष ठेंगणे, टक्कल पडलेले, डोळ्यांनी मंद हसणारे. ते वखारीत शिरले आणि जागच्या जागी थांबले. समोर साठसत्तर माणसे पुस्तकांना खेटून बसलेली. कोणी पागोट्यात, कोणी टोपीत, आणि मधोमध बुढीचा पोथीचा सूर.

"इतका वाचकवर्ग?" अध्यक्ष म्हणाले.

प्राचार्य काहीतरी पुटपुटले. ते 'हो' होते की 'नाही', हे मलाही कळले नाही.

अध्यक्ष पोथीकडे वळून वाकले. बुढी वाचता वाचता थांबली. "जोडे," ती म्हणाली. अध्यक्षांनी जोडे काढले. बाकीच्या दोघांनीही काढले. बुढीने त्यांना पायाच्या नखांपासून डोक्यापर्यंत पाहिले आणि पुढची ओवी सुरू केली. सूर चढला तशी वखारीच्या तुळयांवरचीही थोडी रुई सुटली आणि सावकाश तरंगत अध्यक्षांच्या टकलावर बसली. त्यांना ते कळले नाही. सगळ्या वखारीला कळले.

अध्याय संपेपर्यंत समिती उभी राहिली. मग अध्यक्षांनी मिशीवाल्या गृहस्थांच्या हातातला ग्रंथ बघायला मागितला. गृहस्थांनी तो छातीशी धरला.

"घेऊन जायले आले का?" ते म्हणाले.

अध्यक्ष हसून म्हणाले, "नाही हो. फक्त नोंद करतो आहोत."

इथेच घोटाळा झाला. गावात ज्वारीच्या लेव्हीचा (सक्तीच्या सरकारी वसुलीचा) अनुभव ताजा होता. सरकारी माणूस आधी येऊन हसतो, मग नोंद करतो, आणि मग पोती उचलतो, हे प्रत्येकाने पाहिलेले होते. वखारीत एकदम हालचाल झाली. धिप्पाड माणूस उभा राहिला. "हे मायं आहे साहेब. कॉलेजचं नाही." लग्नपत्रिकावाले म्हणाले, "हे आमचं घरचं आहे, आमच्या बुढ्यानं जमवलं." मुन्शीजींनी अदबीने, पण ठाम सांगितले की दिवाने त्यांच्या वालिदांची (वडिलांची) आहेत. पंचांगे, पोथ्या, माहितीपत्रके, जो तो आपापले पुस्तक काखेत मारून उभा राहिला. बघता बघता रात्रभर मी लावलेल्या फळ्या रिकाम्या झाल्या. प्राचार्य पाटावर बसले. विटांसकट तो कलला, पण सुतळीने त्याला धरून ठेवले.

फळ्यांवर फक्त मधली पुस्तके उरली. त्यांच्याजवळ कोणी उभे नव्हते.

अध्यक्ष तिकडे गेले. त्यांनी एक पुस्तक काढले, कडा काळवंडलेली पाने चाळली, दुसरे काढले, ते बराच वेळ पाहिले. मग माणसांकडे वळून विचारले, "आणि ही? ही कोणाची?"

एकेक करून सारी माणसे माझ्याकडे पाहू लागली. दारात सुमन उभी होती, ती मात्र खाली पाहत होती. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिले आणि लगेच मान फिरवली, माझ्यावर भार पडू नये म्हणून. त्या मान फिरवण्याने मला फार लाज वाटली. मी उठलो. आई डोळ्यांसमोर आली, आणि घरात तिने दोन कपाटे पुसून मोकळी करून ठेवली होती तीही आली.

"कॉलेजची," मी म्हणालो.

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

अध्यक्षांनी विचारले, "आपण इथले ग्रंथपाल का?" मी सांगितले, नाही, ज्यांनी ही पुस्तके जमवली त्यांचा मी धाकटा भाऊ. त्यांनी हातातले पुस्तक जपून जागेवर ठेवले. मग आणखी काही न विचारता त्यांनी त्या फळ्यांवरची पुस्तके मोजून घ्यायला सांगितली.

दुपारी साऱ्यांना जिनाच्या अंगणात रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे), वरण आणि वांग्याची भाजी होती. समिती पंगतीला बसली. निघताना अध्यक्षांनी प्राचार्यांना बाजूला घेऊन सांगितले की ते कॉलेज चालू राहावे असे लिहिणार आहेत. ग्रंथालयाबद्दल शेरा एवढाच, की वाचकांच्या मानाने पुस्तके फार कमी आहेत, पुढच्या वर्षी ती वाढलेली दिसावीत. (ते वाचक कोण होते हे विद्यापीठाला कळू नये, म्हणून गावाचे नाव मी लिहिलेले नाही.) प्राचार्यांनी हे मला तीनदा सांगितले.

मला बसवर पोचवायला बरीच मंडळी आली. गोदाबुढी काठी टेकत आली आणि तिने सगळ्यांदेखत विचारले, "पुस्तकं ठेवून चालले. सोबत कोण?"

रीत आता मला ठाऊक होती, आणि मी ती मोडून निघालो होतो. माझी रजा संपत होती, घरी आई होती, हे मी सांगू लागलो. बुढीने ते अर्ध्यावर तोडले.

"काऊन घाबरता बे तुमी पुण्याचे? मी बसतो दुपारी, पोथी घेऊन," ती म्हणाली. (इकडे बायकाही 'मी बसतो' असेच म्हणतात.) "मास्तरच्या पुस्तकाईले आवाजाची सवय आहे. मुके ठेवले तर कसर लागन."

परतीच्या प्रवासात मला कोणीही काही विचारले नाही. मला तेच हवे होते. पूर्णेच्या पुलावर मला दादासाठी रडू आले. तो गेल्यापासून ते पहिलेच. खिडकीकडे तोंड करून मी ते उरकून घेतले. शेजारी कापसाचे बोचके घेतलेला एक म्हातारा होता. त्याने बोचक्यातून मूठभर कापूस काढून माझ्या हातात दिला आणि पुन्हा समोर बघू लागला. आम्ही घरचे लोक इतकी वर्षे समजत होतो की दादा कुठल्याशा वखारीत एकटा पडला आहे. त्याची कीव करत होतो. खरे तर दिवाळीचे ते चार दिवसच त्याला एकटे जात असतील. ही गोष्ट आईला कशी सांगावी, किंवा सांगावी की नाही, हे मला मनमाडपर्यंत ठरवता आले नाही.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. तिने माझ्या मागे पाहिले. हमाल नव्हता. टांग्यावर काही नव्हते. ती आत गेली आणि तिने चहा टाकला.

मी चुलीशी बसून तिला सारे सांगितले. काही गाळायचे ठरवले होते, पण काही गाळता आले नाही. वजनकाटा सांगितला, पांढऱ्या केसांची पोरे सांगितली. समाजशास्त्रातल्या लग्नपत्रिका सांगितल्या तेव्हा तिने चेहऱ्यावर पदर घेतला; मला वाटले रडते आहे, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते. ती हसते आहे हे तिलाही नंतर कळले असावे, कारण ती मध्येच थांबली आणि तिने पदर सारखा केला. मग मी शेवटचे सांगितले. पुस्तके देऊन आलो, हे.

तिने चहा गाळला. कप माझ्यापुढे सारला.

"तो ओरडून शिकवायचा म्हणतोस?"

"हो."

"बाहेर ऐकू जाईल इतकं?"

"गावात ऐकू जायचं."

ती उठली आणि दोन मोकळ्या कपाटांची दारे लावून आली. परत बसल्यावर विचारले, पुढच्या वर्षी समिती कधी येते. मी म्हणालो, याच सुमारास येईल. मग तिने नांदुऱ्याला गाडी किती वेळ थांबते, एस.टी.ला पायरी उंच असते का, आणि त्या गोदाबाईंना पुण्याहून काय नेलेले चालेल, हे एकामागून एक विचारायला सुरुवात केली.